मंगल कार्यालयात भरलेला वर्ग : सांगलीच्या प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
सांगली, मिरज आणि आसपासच्या महाविद्यालयांचे मा. प्राचार्य व संस्थाचालक

विषय : महाविद्यालयाच्या आवारात सिनेमाच्या चित्रीकरणास परवानगी मिळणेबाबत (आठव्यांदा)

सर, मॅडम,

स. न. वि. वि.

'आठव्यांदा' वाचून दचकू नका. आधीचे सातही अर्ज मीच लिहिलेत आणि त्यांच्या प्रती माझ्याकडे प्लॅस्टिकच्या फाइलीत आहेत. पाचांवर आवक शिक्का आहे. एकावर नाही, कारण त्या दिवशी हेडक्लार्क रजेवर होते आणि शिक्का त्यांच्या कपाटात कुलपात होता. सातव्यावर शिक्का नाही, लाल पेन आहे. त्याची गोष्ट पुढे येईलच.

मी सांगलीचीच. शिकले इथेच, आता विम्याच्या एका कार्यालयात नोकरी करते. २०२३ साली आम्ही कॉलेजच्या जुन्या टोळीने मिळून एक सिनेमा केला. पाच दोस्त, शेवटचं वर्ष, एकाची केटी (म्हणजे राहिलेला विषय), एकीचं लग्न जमत आलेलं आणि गॅदरिंगच्या वर्गणीतले गायब झालेले अकरा हजार. खून नाही, मारामारी नाही, शेवटी कुणी अमेरिकेला जात नाही. लोकांनी दोन तास हसावं आणि घरी जाऊन जेवावं, एवढाच हेतू. सिनेमाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर म्हणाल जाहिरातीसाठी पत्र लिहिलं. खर्च सगळा धरून ९ लाख ४० हजार. त्यातले दोन लाख माझ्या दाजींनी ट्रॅक्टरसाठी बाजूला ठेवलेले. दर दिवाळीला दाजी हसत हसत विचारतात, "काय म्हणतोय आमचा ट्रॅक्टर?"

माझ्याकडे हिशेबाची वही आणि परवानग्या. सिनेमावाले याला प्रॉडक्शन म्हणतात. आमच्यात "तू बोलायला बरी हायस, तूच जा" म्हणतात.

तर मी गेले. सात कॉलेजं. विद्यापीठाच्या परीक्षा आटोपल्यावरचे चार रविवार मागितले होते : एक वर्ग, एक जिना, सायकल स्टँड आणि जमलं तर कँटीन. दोन ठिकाणांहून लेखी नकार आला. एकात लिहिलं होतं, "शैक्षणिक वातावरणास बाधा येण्याची शक्यता असल्याने." सुट्टीतल्या रविवारी तुमच्याकडचं शैक्षणिक वातावरण म्हणजे वॉचमन मामा, त्यांचा रेडिओ आणि व्हरांड्यातली कबुतरं. त्यातल्या मामांची हरकत नव्हती, त्यांना मी विचारलं होतं. एका ठिकाणी तोंडी नकार मिळाला, तोही जिन्यात, साहेब गाडीकडे निघालेले असताना. तीन ठिकाणांहून आजतागायत उत्तर नाही. ते अर्ज अजून विचाराधीन असतील तर आमची तारखांबाबत काही अट नाही.

सातवं कॉलेज माझंच. तिथले सर मात्र भले निघाले. बसा म्हणाले, चहा मागवला, संहिता ठेवून घेतली आणि आठवड्याने बोलावलं. ९६ पानं त्यांनी खरोखर वाचली होती. पेपर तपासावेत तशी. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, दोन ठिकाणी समासात 'चांगले' लिहिलं होतं. आणि पान ३४ वर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली.

त्या पानावर काय होतं ते सांगते. एक सर जुन्या पिवळ्या वहीतून नोट्स सांगताहेत. पान उलटताना त्याचा कोपरा तुटून टेबलावर पडतो. सर तो तुकडा बोटाने उचलतात, जागेवर लावून बघतात आणि त्यावरचा शब्द वाचून वाक्य पुरं करतात. पण त्यांच्या आधीच मागच्या बाकावरचा पोरगा ते वाक्य म्हणून मोकळा झालेला असतो, कारण त्याच्या थोरल्या भावाची वही त्याच्यापुढे उघडी आहे. त्यात हेच वाक्य आहे, स्वल्पविरामासकट.

सरांनी मला समोर बसवून ते पान पुन्हा वाचलं आणि स्वल्पविरामापाशी आले तेव्हा हसले. खळखळून नाही, पण पोट हललं. मग चष्मा काढला, पुसला, घातला आणि म्हणाले, "असे शिक्षक आपल्या संस्थेत नाहीत. हे वगळा." पान ७० वर प्राचार्यांचं भाषण चालू असताना माईक बंद पडतो आणि पोरं टाळ्या वाजवतात, असा प्रसंग होता. तिथे समासात लिहिलं होतं : "माईक बंद पडल्याचे दाखवू नये. आपल्याकडे नवीन साउंड सिस्टिम आहे."

मी हो-नाही काही बोलले नाही. माझी नजर त्यांच्या मागच्या काचेच्या कपाटावर होती. वरून दुसऱ्या कप्प्यात एक ढाल आहे. युवा महोत्सव, लघुनाटिका, द्वितीय क्रमांक. ती आम्ही आणलेली. त्या लघुनाटिकेत प्राचार्यांचं काम मीच केलं होतं, मिशी लावून, आणि त्यातही माईक बंद पडत होता. तालमी याच कॉलेजने घेतल्या, बसभाडं याच कॉलेजने दिलं, ढाल आल्यावर पेढे वाटले आणि स्टाफरूममध्ये फोटो काढले. शिवाजी विद्यापीठाच्या युवा महोत्सवात नकलांची स्पर्धा असते. तुमचेच प्राध्यापक पोरांना समोर बसवून नक्कल शिकवतात, आवाज कुठे चढवायचा ते सांगतात. त्याच पोरांनी तीच नक्कल कॅमेऱ्यापुढे केली की संस्थेची बदनामी! हे गणित माझ्या डोक्यात काही बसत नाही.

गॅदरिंगचंही तेच. फिशपाँड, म्हणजे आमच्या आजीच्या पिढीचे शेलापागोटे, पुढच्या रांगेत बसून तुम्ही दरवर्षी ऐकता. त्यातले निम्मे तुमच्यावर असतात. निवेदक नाव घेत नाही आणि सगळा मंडप तुमच्याकडे बघतो. तुम्ही हसता, आम्ही बघितलंय. दुसऱ्या दिवशी कुणाच्या घरी पत्र जात नाही.

असो. सरांना मी म्हटलं, विचार करून सांगते, आणि आम्ही मंगल कार्यालय शोधायला लागलो.

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. अधिकात लग्नं नाहीत, त्यामुळे कार्यालयं ओस. मालक म्हणाला, दिवसाला अडीच हजार द्या, लाईटबिल वेगळं, आणि स्टेजवरच्या सजावटीतल्या मोराला हात लावायचा नाही. बंद पडलेल्या एका क्लासमधून बावीस बाकं टेम्पोत घालून आणली. प्लायवूडवर काळा रंग मारून फळा केला आणि मोराच्या पुढ्यात उभा केला. वधूपक्षाच्या खोलीत प्राचार्यांचं केबिन, वरपक्षाच्या खोलीत स्टाफरूम. प्राचार्य म्हणून कुणी मिळेना, शेवटी दाजींनाच कोट चढवला. पैसे अडकले होते, येणं भाग होतं. काम मात्र झकास केलं.

आता हे सगळं गमतीत सांगतेय, तेव्हा रडायची वेळ होती. गोष्ट घडते एप्रिलमध्ये, परीक्षेच्या तोंडावर. बाहेर धो धो पाऊस, आणि आत आम्ही पोरांच्या कपाळावर झाडांना पाणी मारायच्या पंपाने घाम मारतोय. डोक्यावर पत्रा. पत्र्यावर पाऊस पडला की आवाज टिपणारा पोरगा हेडफोन काढून गळ्यात घालायचा आणि नुसता बसून राहायचा. त्याने माईकची काठी म्हणून घरच्या पडद्याचा पाईप आणला होता. चौथ्या दिवशी तो म्हणाला, "पाऊस थांबला तरी उपयोग न्हाय. हॉल सनईसाठी बांधलाय, इथं वर्गाचा आवाज येणार न्हाय." खरंच होतं ते. वर्गात चाळीस जण गप्प बसले तरी त्या गप्प बसण्यालाही आवाज असतो : बाक कुरकुरतं, पंखा एका पात्याला अडखळतो, शेजारच्या वर्गातलं निम्मं वाक्य खिडकीतून आत येतं. ते विकत मिळत नाही. शेवटी सगळा सिनेमा पुण्यात जाऊन डब केला. साठ हजार. कॉलेजने चार रविवार दिले असते तर हे साठ हजार दाजींच्या ट्रॅक्टरला लागले असते.

आणि इतकं करून मोराने दगा दिलाच. एका शॉटमध्ये फळ्याच्या वर डाव्या कोपऱ्यात थर्माकोलची तीन अक्षरं दिसतात : 'शुभ वि'. कंटिन्युइटी, म्हणजे शॉटमधला मेळ, बघणारीच्या लक्षात आलं नाही, संकलकाच्या आलं नाही, माझ्याही नाही. सांगलीत पहिल्या खेळाला तिसऱ्या रांगेतून एक बाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं बाई, आमचं लग्न हितंच झालंय!" अख्खं थिएटर हसलं. आमच्या सिनेमातला तो सगळ्यात मोठा हशा. आम्ही तो लिहिलेला नव्हता.

(खेळ सकाळी पावणेदहाचा होता. मल्टिप्लेक्सांनी मराठी सिनेमाला दुपारी १२ ते रात्री ९ या वेळेत जागा द्यावी, असं सरकारने २०१५ मध्ये ठरवलंय. पण तो राग वेगळा आणि त्याचे धनीही वेगळे. त्यांना स्वतंत्र पत्र लिहीन.)

तुम्हाला भीती कसली वाटते ते मला कळतं. मी काही एकाच बाजूने बोलणार नाही. कुणीतरी प्रयोगशाळेत रील काढतं, ते फिरतं, पालक फोन करतात, संघटना निवेदन घेऊन येतात आणि खुर्चीवर तुम्ही असता. शिवाय सिनेमावाली पोरं म्हणजे धांदरट. आम्हीच कार्यालयात एका प्लगवर दोन मोठे लाईट लावले आणि बोर्ड जाळला. भिंतीवरची टेप ओढताना तळहाताएवढा रंग निघाला. १८०० रुपये भरले, पावती आहे. तेव्हा अनामत घ्या, इलेक्ट्रिशियन तुमचा ठेवा, मुलींच्या शूटिंगला मॅडम हजर राहू देत. हे सगळं रास्त आहे आणि आम्ही कधी नाही म्हटलेलं नाही.

पण लाल पेन रास्त नाही. सिनेमात काय दिसावं हे बघायला आधीच पुष्कळ माणसं बसलेली आहेत. सेन्सॉरच्या प्रमाणपत्राशिवाय थिएटरात पडदा उजळत नाही. टपरीवरच्या प्रसंगात एकाच्या हातात सिगारेट होती. ती ठेवायची तर सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यात किमान तीस-तीस सेकंदांची आरोग्यसूचना दाखवायची आणि ओढतानाच्या दृश्याखाली इशाऱ्याची पट्टी. आम्ही सिगारेट काढून हातात भडंगाची पुडी दिली. प्रसंग सुधारला म्हणा, कारण भडंग खाताना माणूस गंभीर चेहरा करूच शकत नाही. एका शॉटमध्ये कार्यालयाचं कुत्रं सहज चालत आलं आणि बाकाखाली झोपलं. इतका सुंदर अभिनय आमच्यात कुणी केला नव्हता. पण सिनेमात जनावर दिसलं की प्राणी कल्याण मंडळाची परवानगी हवी. कुत्रं कापलं. हरिपूरला संगमावर शूटिंग करताना कृष्णेतली मगर फ्रेममध्ये आली नाही, हे नशीबच. मग इतक्या चाळण्यांतून गेलेल्या सिनेमात पिवळी वही आणि बंद माईक तेवढे उरले, तर त्यांना हात लावायचं कारण काय? पोट हलेपर्यंत तर तुम्हालाही ते आवडलं होतं.

आता एक टोचणारी गोष्ट. आपल्या गावात शिरताना नाट्यपंढरीच्या पाट्या आहेत. ५ नोव्हेंबरला, मराठी रंगभूमी दिनी, आपण नाटककार विष्णुदास भाव्यांच्या प्रतिमेला हार घालतो आणि १८४३ साली 'सीता स्वयंवर' इथे झालं हे दर भाषणात सांगतो. ते झालं कुठे? सांगलीच्या राजवाड्यात. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ बघून सांगलीचे राजे चिंतामणराव पटवर्धन यांना वाटलं, असं आपल्याकडेही व्हावं, आणि त्यांनी आपल्याच पदरी असलेल्या विशीतल्या पोराला ते काम सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, जागा दिली, खर्च दिला. भाव्यांच्या खेळात सूत्रधाराबरोबर विदूषक असायचा आणि तो सूत्रधाराचीच फिरकी घ्यायचा. राजासमोर, राजाच्या वाड्यात, राजाच्या पैशाने. आम्ही तुमच्याकडे पैसे मागितले नव्हते, सर. आणि वाडाही नाही, एक वर्ग.

नाटककार गोविंद बल्लाळ देवल आपल्या हरिपूरचे. म्हाताऱ्या नवरदेवाची त्यांनी १८९९ साली 'शारदा'मध्ये जी काही उडवली, ती पाहून तेव्हाच्या किती श्रीमंत म्हाताऱ्यांना आपल्यावरच लिहिलंय असं वाटलं असेल! आज तेच नाटक आपण मराठीच्या पेपरात दहा मार्कांना विचारतो.

आणखी एक गोष्ट, तुमच्यात मराठीचे प्राध्यापक असतील त्यांच्यासाठी. पुण्याच्या स्टुडिओत डबिंग चालू असताना तिथला रेकॉर्डिंगवाला मधेच थांबला. म्हणाला, "ताई, ही मुलगी 'मी आलो की' म्हणतेय. 'आले' हवं ना? रिटेक घेऊ या." मी म्हटलं, बरोबर म्हणतेय ती. आमच्याकडे पोरी मी आलो, मी गेलो, मी जेवलो असंच म्हणतात. मीही घरी असंच बोलतो. हे पत्र लिहिताना शाळेतल्या बाई डोळ्यांपुढे येतात म्हणून 'गेले', 'म्हणाले' असं लिहितेय. त्या बिचाऱ्याने तीनदा खात्री करून घेतली. लाल पेनवाल्या संहितेतही अशा प्रत्येक 'आलो'चा 'आले' केलेला होता.

कॉलेजवरचे मराठी सिनेमे आणि मालिका बघा. कट्टा पुण्याचा, कँटीन मुंबईचं. सांगली, सातारा, कोल्हापूरकडचा पोरगा त्यात असतो, पण ट्रंक घेऊन होस्टेलला आलेला. तो "लई भारी" म्हणतो आणि बाकीचे हसतात. आपल्या कॉलेजात तोच पोरगा जीएस, म्हणजे विद्यार्थ्यांचा सेक्रेटरी, असतो, त्याच्यापुढे बाकीच्यांना तोंड उघडता येत नाही. त्याचा सिनेमा त्याच्या कॉलेजात झाला नाही तर कुठे होणार? वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर हिंदी सिनेमांची मोठमोठी युनिटं येतात, तेव्हा आपण गर्दी करून बघतो आणि पुढची वीस वर्षं पाहुण्यांना ती पायरी दाखवतो. बाहेरच्याने आपला घाट वापरला की अभिमान, घरच्याने आपला वर्ग मागितला की बाधा.

मागणं एवढंच आहे. तुमच्या आजी-माजी विद्यार्थ्यांना सुट्टीतले रविवार द्या. अनामत सांगा, रविवारी येणाऱ्या मामांचा भत्ता आमच्याकडून घ्या, संध्याकाळी सहाला गेट बंद करा. कॉलेजचं नाव दिसायला नको असेल तर पाटी झाकू, प्लायवूड आहे आमच्याकडे. संहिता वाचा, जरूर वाचा, आणि हसू आलं तर पेन खाली ठेवा. नाही म्हणायचं तर महिन्याच्या आत नाही म्हणा, म्हणजे पोरं पावसाआधी दुसरी जागा बघतील. पुढचा अधिक महिना कधी येतो, याची वाट बघत कुणाला सिनेमा काढता येत नाही.

हे आता लिहायचं कारण, गेल्या आठवड्यात सेकंड इयरची तीन पोरं आणि एक पोरगी माझ्या ऑफिसात आली. विम्यासाठी असतील म्हणून मी फॉर्म काढला, तर त्यांनी संहिता काढली. मोबाइलवर शूट करणार म्हणतात. खर्चाच्या अंदाजात जेवणाला ४० हजार आणि आवाजाला ५ हजार धरलेत. ते मी उलटं करायला लावलं. गोष्ट सबमिशनची आहे. एक जर्नल, त्यावर सही मिळवायला एका दिवसात अख्खं कॉलेज पालथं घालणारी चौघं, आणि सही करणारे सर कायम आत्ताच बाहेर पडलेले. मी ऑफिसात बसून मोठ्याने हसलो. साहेबांनी केबिनमधून डोकावून बघितलं.

ती चौघं सोमवारी अकरा वाजता तुमच्यातल्या एकाकडे अर्ज घेऊन येताहेत. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून बरोबर येणार आहे. अर्जाच्या दोन प्रती असतील. परवानगीचं तुम्ही सावकाश ठरवा, पण दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून द्यायला हेडक्लार्कना तेवढं सांगून ठेवा. आणि ते रजेवर जाणार असतील तर कपाटाची किल्ली मामांकडे.

आपली,
एक माजी विद्यार्थिनी
सांगली